कार्ल्सरूहचे रस्ते, दोन नजरा आणि अर्ध्या मीटरचा घोळ

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर रस्ता म्हणजे एक रेष. तिला नाव असते, वर्ग असतो, एकेरी वाहतूक असेल तर दिशा असते. पण रस्ता किती रुंद आहे, लेन किती आणि नेमक्या कुठून जातात, गाड्या उभ्या करायची पट्टी कोणत्या अंगाला आहे, फूटपाथ कुठे सुरू होतो, यातले फार थोडे त्या रेषेपाशी नोंदलेले असते. एका चौकातून दुसऱ्या चौकात जायची वाट काढायला तेवढे पुरते. व्हीलचेअरवरून जाणाऱ्याला किंवा चालकाविना धावणाऱ्या गाडीला ते पुरत नाही.

ही उणीव छायाचित्रांतून भरून काढण्याचा एक नमुनेदार प्रयत्न जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात झाला. गेलेर्त मात्युश, शेनलाँग वांग, सान्या फिडलर आणि राकेल उर्तासुन यांनी संगणकाला चित्रे वाचायला शिकवण्यावरच्या सीव्हीपीआर परिषदेत २०१६ मध्ये तो मांडला. विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि गाडीच्या टपावरच्या स्टिरिओ (शेजारीशेजारी बसवलेल्या जोडीच्या) कॅमेऱ्यांची छायाचित्रे एकत्र वाचायची आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या रेषेभोवती लेन, पार्किंग आणि फूटपाथ बसवायचे, अशी ती पद्धत. याच चौघांनी त्याआधी २०१५ मध्ये फक्त हवाई छायाचित्रांवरून रस्त्याची मध्यरेषा आणि रुंदी सुधारून दाखवली होती. केवळ १.५ चौरस किलोमीटर चित्रांवर शिकवलेली ती पद्धत जगात कुठेही चालते आणि दहा संगणकांवर जगभरचे रस्ते एका दिवसात उरकते, असा त्यांचा दावा होता. मग वर्षभरात गाडीची चित्रे जोडायची गरज का पडली? आणि जोडल्यावर काम सोपे होण्याऐवजी एक नवेच दुखणे का उभे राहिले? या प्रकरणातला खरा मुद्दा हा दुसरा प्रश्न आहे.

हाताशी काय होते

जमिनीवरची चित्रे किट्टी या संशोधनासाठीच्या प्रसिद्ध चित्रसंचातली. कार्ल्सरूह इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि शिकागोची टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट यांनी २०११ मध्ये एक फोक्सवॅगन पसाट शहरात आणि आसपास फिरवून ती गोळा केली. टपावर दोन कृष्णधवल आणि दोन रंगीत कॅमेरे, ६४ किरणांचा व्हेलोडाइन लेसर, आणि जागा-दिशा नोंदायला ओएक्सटीएस कंपनीचे आरटी३००३ हे जीपीएस व आयएमयू (गाडीचा वेग आणि वळणे मोजणारे संवेदक) एकत्र असलेले यंत्र. कॅमेरे जमिनीपासून १.६५ मीटर उंच. जोडीतल्या दोन कॅमेऱ्यांत ५४ सेंमी अंतर. सेकंदाला १० चित्रे. सरळ करून घेतलेले चित्र साधारण १२४२ × ३७५ पिक्सेलचे, फोकल लांबी साधारण ७२१ पिक्सेल. खालची बरीचशी आकडेमोड या चार-पाच मापांवरूनच निघते, म्हणून ती लक्षात ठेवावीत. लेसर गाडीवर होता, पण ही पद्धत स्टिरिओ कॅमेऱ्यांवर उभी आहे. नकाशासाठी हजारो किलोमीटर फिरायचे तर प्रत्येक गाडीवर लेसर परवडत नाही, त्यामुळे हा बेत व्यवहाराला धरून आहे.

हवाई बाजूला कार्ल्सरूहवरून उडालेल्या विमानातल्या कॅमेऱ्याची चित्रे होती. तिसरी चीज म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपची रेष. ती अचूक नसते, बहुधा कुणीतरी उपग्रहचित्रावरून गिरवलेली असते आणि दोन-चार मीटर इकडेतिकडे असू शकते. पण रस्ता कुठून कुठे जातो आणि कशाला जोडतो हे ती बरोबर सांगते. म्हणून शोध तिच्या आजूबाजूला घ्यायचा. सगळे चित्र धुंडाळायची गरज नाही.

कोणाला काय दिसते

फूटपाथपासून सुरुवात करू, कारण तिथे फरक सर्वात ठळक आहे. रस्त्याकडेला १.५ मीटर उंचीची गाडी उभी आहे आणि आपला कॅमेरा १.६५ मीटरवर, तिच्यापासून आडव्या अंतराने ३ मीटर दूर. कॅमेऱ्याची नजर त्या गाडीच्या टपावरून निसटून जमिनीला टेकेल ती कुठे? ३ मीटरमागे नजर फक्त १५ सेंमी खाली उतरते, म्हणून जमीन गाठायला ३३ मीटर लागतात. म्हणजे पलीकडचा फूटपाथ जवळजवळ पूर्ण झाकला गेला. तो दिसतो फक्त दोन गाड्यांमधल्या फटीतून. उभी गाडी कॅमेऱ्यापेक्षा उंच असेल तर टपावरून काहीच दिसत नाही.

तीच गाडी विमानातून १० अंश तिरकस पाहिली तर ती आपल्यामागचे २६ सेंमी झाकते. ३३ मीटर विरुद्ध २६ सेंमी. गाड्यांच्या रांगेमागचा फूटपाथ किती रुंद आहे हे विचारायचे ते वरच्या चित्रालाच.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या उंच कडेची, १२ सेंमी उंची वरून दिसत नाही. दिसतो तो डांबर आणि फरशी यांच्या रंगातला फरक, आणि दोन्ही करडे असले की तोही नाही. स्टिरिओ जोडीला तो उंचवटा १० मीटरवर सुमारे साडेआठ पिक्सेल उंच दिसतो, २० मीटरवर चार, ४० मीटरवर जेमतेम दोन. जर्मनीतल्या गावातल्या रस्त्यांवर लेनची साधी पांढरी रेघ १२ सेंमी रुंद असते. १० सेंमी पिक्सेलच्या हवाई चित्रात ती एका पिक्सेलहून थोडी मोठी भरते आणि झिजलेली असली तर पुसट होते. ५० सेंमी पिक्सेलच्या उपग्रहचित्रात ती पिक्सेलचा चौथा हिस्साही व्यापत नाही. गाडीच्या कॅमेऱ्याला १० मीटरवर आडव्या दिशेने एक पिक्सेल म्हणजे १.४ सेंमी, त्यामुळे झिजलेली रेघसुद्धा सापडते. झाडाखालचा, पुलाखालचा रस्ता, आणि अर्थात पाट्या, या फक्त खालच्या नजरेच्या गोष्टी.

पाट्यांचा मुद्दा पार्किंगसाठी महत्त्वाचा. वरच्या चित्रात फूटपाथवर अर्ध्या चढवून ठेवलेल्या गाड्या दिसल्या म्हणजे तिथे पार्किंगला परवानगी आहे असे होत नाही. जर्मनीत ती परवानगी ३१५ क्रमांकाची निळी पाटी किंवा जमिनीवर आखलेली पार्किंगची जागा देते. दोन्ही नसेल तर ती पट्टी नकाशावर पार्किंग म्हणून जाणे चूक. चित्रे काय घडते ते सांगतात, काय चालते ते नाही.

गाडीच्या कॅमेऱ्याची पोहोच

नवखे लोक इथे फसतात. समोरचा ५०-६० मीटर रस्ता चित्रात दिसतो, म्हणून तो सगळा नकाशावर उतरवता येईल असे वाटते.

रस्ता सपाट धरून चित्रातला बिंदू जमिनीवर टाकायचा तर अंतर निघते ते कॅमेऱ्याची उंची गुणिले फोकल लांबी, भागिले क्षितिजरेषेखालचे पिक्सेल. १.६५ गुणिले ७२१ म्हणजे सुमारे ११९०. चित्राचा तळ क्षितिजाखाली साधारण २०० पिक्सेल आहे, म्हणजे सर्वात जवळची दिसणारी जमीन गाडीसमोर जवळजवळ ६ मीटरवर. तिथे एका पिक्सेलची चूक ३ सेंमी पडते. १५ मीटरवर १९ सेंमी, २० मीटरवर ३४ सेंमी, ४० मीटरवर १.३ मीटर. आडव्या दिशेला मात्र २० मीटरवरही पिक्सेल २.८ सेंमीचाच राहतो. गाडीची नजर आडवी बारीक आणि लांबट ढोबळ असते.

यात गाडीची मान वरखाली होण्याचा हिशेब अजून धरलेला नाही. ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते. अर्धा अंश झुकाव म्हणजे ६.३ पिक्सेल, आणि २० मीटरवरचा बिंदू त्याने २२.४ मीटरवर जाऊन पडतो. सिग्नलजवळची चित्रे सर्वात जास्त उपयोगाची (थांबरेषा, झेब्रा, बाण तिथेच असतात) आणि झुकाव नेमका तिथेच सर्वात जास्त.

स्टिरिओने हा झुकावाचा त्रास टळतो, कारण त्यात जमीन सपाट धरावी लागत नाही. पण त्याची स्वतःची किंमत आहे. तिथे अंतर निघते ७२१ गुणिले ०.५४, म्हणजे ३८९ ला डाव्या-उजव्या चित्रांतल्या सरकीने भागून. त्या सरकीत एका पिक्सेलची चूक झाली तर १० मीटरवर २६ सेंमी आणि २० मीटरवर १ मीटर. जुळणी अर्ध्या-पाव पिक्सेलपर्यंत नेता येते, पण डांबरासारख्या एकरंगी पृष्ठभागावर ती भरवशाची नसते. म्हणून दोन्ही वापरावे: स्टिरिओतून जमिनीचा उतार आणि गाडीचा झुकाव काढायचा, मग त्या उतारावर चित्र पसरायचे.

रुंदीचीही मर्यादा आहे. ६ मीटरवर चित्र दोन्ही बाजूंना ५.२ मीटर पाहते, १० मीटरवर ८.६ मीटर. उजव्या लेनमधून जाताना डावीकडचा फूटपाथ ८ मीटर दूर असेल, तर तो ९ मीटरपुढेच दिसायला लागतो. या सगळ्याचा अर्थ असा की नकाशासाठी कामाचा पट्टा गाडीसमोर ६ ते १५ मीटरच. ताशी ३६ किलोमीटरला सेकंदाला १० चित्रे म्हणजे दर मीटरला एक, त्यामुळे प्रत्येक जागा या पट्ट्यातून आठ-नऊ वेळा जाते. तेवढे पुरे. लांबचे पिक्सेल टाकून द्यावेत. ते ठेवल्याने माहिती वाढत नाही, चूक वाढते.

जुळत नाही ते काय

आता मुख्य दुखणे. दोन्ही चित्रांतून एकच कर्ब काढला आणि नकाशावर टाकला तर दोन रेषा मिळतात. संशोधकांनी हे स्पष्ट लिहिले आहे: महागडे जीपीएस-आयएमयू असूनही ही जुळवणी पुरेशी अचूक नव्हती. त्याची कारणे एक नाहीत, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती ओळखता आली तर अर्धे काम झाले.

पहिले, संदर्भचौकट, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधाराने मोजायचे तो आधार. युरोपात जमीनमोजणी ईटीआरएस८९ या चौकटीत होते. ती युरेशियन भूपट्टाला चिकटलेली आहे आणि १९८९ च्या आरंभीच्या स्थितीवर गोठवलेली आहे. उपग्रह ज्या जागतिक चौकटीत बोलतात तिच्या हिशेबाने तो भूपट्ट वर्षाला सुमारे अडीच सेंमी ईशान्येकडे सरकतो. २०११ पर्यंत हा फरक अर्धा मीटर ओलांडून गेला होता. हवाई चित्र एका चौकटीत आणि गाडीचा माग दुसऱ्या चौकटीत ठेवला, की सगळे शहर एकाच दिशेने अर्धा मीटर सरकलेले दिसते. संगणकप्रणाली दोन्हींना सरसकट एकच समजते आणि काही तक्रार करत नाही.

दुसरे, गाडीवरची मापे. जीपीएसचा अँटेना आणि कॅमेरा यांतले अंतर चुकीचे नोंदले, किंवा गाडीचे तोंड आणि यंत्राचे तोंड यांत अर्ध्या अंशाचा फरक राहिला, तर २० मीटरवर १७ सेंमी आडवी चूक होते. कॅमेऱ्याचे आणि जीपीएसचे घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकले तर ताशी ५० किलोमीटरला २८ सेंमी. ही चूक रस्त्याच्या लांबीत पडते, त्यामुळे सरळ रस्त्यावर लपून राहते आणि वळणावर उघडी पडते.

तिसरे, हवाई चित्राची भूमिती. तिरकस नजरेमुळे उंच वस्तू बाहेर कलतात: २० अंश तिरकस पाहिले की १५ मीटर उंच इमारतीचे छप्पर साडेपाच मीटर सरकते आणि शेजारची गल्ली गिळते. रस्त्याच्या पृष्ठभागाला हा त्रास नाही, पण चित्र सरळ करताना वापरलेल्या उंचीच्या नकाशात १ मीटर चूक असेल तर त्याच तिरकसपणाला ३६ सेंमी सरक येते. उड्डाणपूल आणि भराव ही त्याची हमखास ठिकाणे.

चौथे, उपग्रहांचे सिग्नल. आरटीके (जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून मिळणारी जीपीएसची दुरुस्ती) चालू असताना आरटी३००३ मोकळ्या आकाशाखाली काही सेंमीपर्यंत जागा सांगते. भिंतींवरून आपटून आलेले सिग्नल किंवा झाडांचे छप्पर आले की चूक मीटरमध्ये जाते, आणि सिग्नल परत मिळताना जागा एकदम उडी मारते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच रस्त्यावरून गाडी जाताना आणि येताना चालवायची. दोन्ही फेऱ्यांत सरक नकाशावर एकाच दिशेला असेल, समजा दोन्ही वेळा ईशान्येला, तर दोष संदर्भचौकटीचा किंवा हवाई चित्राचा. जाताना पूर्वेला आणि येताना पश्चिमेला गेली तर दोष गाडीवरच्या मापांचा, कारण ती चूक गाडीबरोबर फिरते. सरक जागोजागी बदलत असेल तर जीपीएस. पहिल्या दोन प्रकारांना एकदाच शोधून मुळात दुरुस्त करायचे असते. त्यांना पुढच्या गणिताच्या गळ्यात बांधू नये. गणित ठेवायचे ते फक्त चौथ्या प्रकारासाठी आणि तिसऱ्यातल्या उरलेल्या तुकड्यांसाठी.

सरासरी का चालत नाही

दोन मोजमापे असली की भारित सरासरी घ्यायची ही सवय असते. समजा कर्बची जागा हवाई चित्रातून ३० सेंमी अनिश्चिततेने मिळते आणि गाडीच्या चित्रातून १५ सेंमी अनिश्चिततेने. नेहमीच्या नियमाने गाडीच्या चित्राला ८० टक्के वजन मिळते, आणि एकत्रित अनिश्चितता साडेतेरा सेंमीवर येते. कागदावर सुधारणा. पण गाडीच्या मागात ६० सेंमीची ठरावीक सरक असेल, तर उत्तर ४८ सेंमी चुकते. एकटे हवाई चित्र वापरले असते तर याहून बरे उत्तर मिळाले असते. शिवाय त्या उत्तरासोबत ‘साडेतेरा सेंमी’ असे प्रमाणपत्रही जाते, म्हणजे पुढच्या कोणाला शंका घ्यायलाही जागा उरत नाही.

कार्ल्सरूहच्या पद्धतीचे वेगळेपण इथे आहे. तिथे जुळवणी आधी उरकून टाकलेली पायरी नाही. लेन कुठे, पार्किंग कुठे, फूटपाथ कुठे, आणि ‘गाडीचे चित्र किती सरकवायचे’ ही सगळी अज्ञाते एकाच गणितात ठेवली आहेत. गणिताचा साचा मार्कोव्ह रँडम फील्डचा, म्हणजे शेजारशेजारच्या अज्ञातांचा एकमेकांशी संबंध धरणारा. रस्त्याच्या रेषेवर ठरावीक अंतराने आडवे छेद घ्यायचे; प्रत्येक छेदावर सीमारेषांच्या जागा ठरवायच्या. एखाद्या मांडणीची किंमत अनेक गोष्टींवरून ठरते: हवाई चित्रातले पिक्सेल त्या वर्गांशी जुळतात का, सरकवलेल्या गाडीच्या चित्रातले जुळतात का, लेनची रुंदी शक्यतेतली आहे का, शेजारच्या छेदाशी सीमा गुळगुळीत जोडली जाते का. सर्वात स्वस्त मांडणी ते उत्तर.

सरक योग्य असेल तेव्हाच दोन्ही चित्रे एकाच मांडणीला दाद देतात, आणि मांडणी योग्य असेल तेव्हाच सरक नीट ओळखू येते. म्हणून दोन्ही एकत्र सोडवायचे.

आकाराचा अंदाज यावा म्हणून एक साधी मांडणी घेऊ. आडवी सरक उणे २ ते अधिक २ मीटर, १० सेंमीच्या टप्प्याने: ४१ पर्याय. दर ५ मीटरला छेद, म्हणजे किलोमीटरला २००. सरक एकटीच सोडवायची तर साखळीवरचे गणित २०० गुणिले ४१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ३.४ लाख पायऱ्या. संगणकाला हे काहीच नाही. पण एका छेदावर पाच सीमा, प्रत्येकीला ४१ जागा, आणि त्या सगळ्या एकदम धरल्या तर एका छेदाचेच ११ कोटींवर पर्याय होतात. म्हणून काही अज्ञाते स्थिर धरून बाकीची सोडवायची, मग उलट, असे फेरे घ्यावे लागतात. अशा फेऱ्यांची खोड ही की सुरुवात वाईट असेल तर उत्तर जवळच्याच चुकीच्या खड्ड्यात अडकते. सुरुवात शून्य सरकीने न करता आधीच्या तुकड्याच्या सरकीने करावी.

शोधाची रुंदी किती ठेवायची यातही मेख आहे. लेन साधारण ३ मीटरच्या, सगळ्या एकसारख्या. शोध ±४ मीटर ठेवला तर गाडीचे चित्र एक अख्खी लेन सरकून छान जुळते, आणि किंमतही कमी दिसते. पार्किंगची पट्टी २ मीटरची: उभ्या गाड्यांची बाहेरची कड कर्ब समजली जाऊन नेमकी २ मीटरची चूक होते. चौकटीची आणि गाडीची ठरावीक चूक आधीच काढली असेल तर ±१.५ मीटर पुरते, आणि हे दोन्ही सापळे टळतात. लांबीच्या दिशेची सरक तुटक पट्ट्यांवरून काढू नये. त्या ठरावीक अंतराने पुन्हा येतात. थांबरेषा, झेब्राच्या कडा, मॅनहोलचे झाकण आणि चौकातले कर्बचे कोपरे घ्यावेत.

झाडांचा पट्टा

हवाई चित्राचे डोळे जिथे बंद, म्हणजे दाट झाडांखाली, तिथे गाडीच्या चित्राची गरज सर्वात जास्त. आणि तिथेच उपग्रहांचे सिग्नलही अडतात, म्हणजे गाडीच्या चित्राची जागा सर्वात कमी भरवशाची. शिवाय वर काहीच दिसत नाही, त्यामुळे जुळवून बघायलाही काही नाही. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बिघडतात.

उपाय म्हणजे दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागांवरून सरक आत वाहून नेणे. झाडीच्या आधी आणि नंतर जुळवणी पक्की करायची, मधे फक्त आयएमयू आणि कॅमेऱ्याच्या चित्रांतून काढलेली चाल वापरायची. चित्रांवरून चाल काढण्याच्या चांगल्या स्टिरिओ पद्धती किट्टीवर अंतराच्या १ टक्क्याच्या आत चुकतात. ६० मीटर झाडीत ही चूक एका टोकाला फार तर ६० सेंमी साठेल. पण दुसरे टोक पक्के असल्याने ती मागे वाटून देता येते आणि मधोमध त्याहून बरीच कमी उरते. झाडी २०० मीटर असेल तर हे जमत नाही. तिथे दुसऱ्या दिशेची फेरी जोडावी. या पट्ट्यात जीपीएसला अजिबात वजन देऊ नये आणि सिग्नल परतताना उडी पडते तिथे साखळी तोडावी. तोडली नाही तर गुळगुळीतपणाचा नियम ती उडी पसरवतो आणि सरळ रस्त्याला खोटे वळण येते.

जर्मनीत बऱ्याच ठिकाणी मोजणीची हवाई उड्डाणे पालवी फुटण्याआधी ठेवण्याचा प्रघात याच कारणाने आहे. तशी चित्रे मिळाली तर हा सगळा खटाटोप निम्म्यावर येतो.

तपासणी आणि नोंद

निकाल मोजायची रूढ पद्धत म्हणजे काढलेला भाग आणि खरा भाग यांतला सामाईक भाग भागिले दोन्ही मिळून व्यापलेला भाग. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हा आकडा अरुंद वस्तूंना कठोर असतो. ७ मीटर रस्ता ३० सेंमी सरकला तर गुण ०.९२ येतात. २ मीटर फूटपाथ तेवढाच सरकला तर ०.७४. चूक एकच, गुण वेगळे. म्हणून ‘फूटपाथ ओळखता येत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी सीमारेषेची चूक सेंमीमध्ये वेगळी छापून पाहावी. ती सगळ्या वर्गांत सारखी असेल तर दोष ओळखीचा नसून जुळवणीचा आहे.

नकाशावर चढवताना लेनची संख्या, रुंदी, फूटपाथ डावीकडे की उजवीकडे, पार्किंग कोणत्या बाजूला आणि समांतर की तिरके, हे रस्त्याच्या रेषेवर गुणधर्म म्हणून जाते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याकडेच्या पार्किंगच्या नोंदीची पद्धत २०२२ मध्ये बदलली, त्यामुळे जुन्या नोंदी तपासूनच नव्या घालाव्यात. आणि डावे-उजवे हे रेषा ज्या दिशेने काढली आहे त्या दिशेचे असते, गाडी ज्या दिशेने गेली त्या दिशेचे नाही. ही चूक इतक्या वेळा होते की तपासणीत तिच्यासाठी वेगळी पायरीच ठेवावी.

परवान्याचा काटा राहिलाच. किट्टीचा परवाना अव्यावसायिक वापरापुरता आहे, त्यामुळे त्यातून काढलेली माहिती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये थेट घालता येत नाही. गूगलचे उपग्रहचित्र किंवा स्ट्रीट व्ह्यू पाहून गिरवणेही चालत नाही. बिंगची हवाई चित्रे आणि मॅपिलरीवरची, बहुधा लोकांनी मोबाइलने काढलेली रस्त्यावरची चित्रे चालतात. पद्धत तीच राहते, पण मोबाइलच्या जीपीएसची चूक सहज ५ मीटर असते. तेव्हा ±१.५ मीटरचा शोध पुरत नाही, आणि शोध रुंद केला की एका लेनची सरक पुन्हा दारात उभी.

हेच पुण्या-नाशकात करायचे तर

भारतात खालची चित्रे आता दुर्मिळ नाहीत. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची बरीच बंधने उठवली. आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटरपेक्षा सूक्ष्म माहिती आणि रस्त्यावरचे चित्रण भारतीय संस्थांकडे राखले. जुलै २०२२ मध्ये गूगलचे स्ट्रीट व्ह्यू जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा यांच्यामार्फत सुरू झाले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार होती. चौकटीचा घोळ इथे मोठा आहे: भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी सरकतो, म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे नियंत्रणबिंदू आणि आजचा जीपीएस यांत अर्धा मीटर.

पण खरी अडचण गणिताच्या गृहीतकांची आहे. कार्ल्सरूहच्या मांडणीत कडा समांतर असतात आणि लेन ठरावीक रुंदीच्या. इथे डांबर संपते तिथे कर्ब नसतो, मातीची साइडपट्टी असते. पावसाळ्यात डांबराची कड तुटते आणि जूनचे चित्र ऑक्टोबरच्या चित्राशी जुळत नाही. पेठेतल्या रस्त्याला रुंदी अशी एक नसतेच, ती दर दुकानाला बदलते. तिथे गुळगुळीतपणाचे वजन कमी करावे, छेद ५ मीटरऐवजी २ मीटरवर घ्यावेत, ‘साइडपट्टी’ हा वेगळा वर्ग शिकवावा आणि लेनच्या रुंदीचा नियम पट्टे मारलेल्या रस्त्यांपुरताच ठेवावा. जुळवणीच्या खुणा म्हणून गतिरोधक चांगले: वरून पट्टे दिसतात, खालून उंचवटा.

जिथे अशी खूणच नसते तिथे ती जमिनीवर आखावी. गावठाणांच्या ड्रोन मोजणीत हेच केले गेले: पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून पुढे, उड्डाणाआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतल्या, म्हणजे ड्रोनच्या चित्रात त्या दिसाव्यात. रस्त्यासाठी चौकाच्या चार कोपऱ्यांवर पांढऱ्या रंगाची एकेक फुली पुरते. ५ सेंमी पिक्सेलच्या चित्रासाठी फुलीचा हात किमान ३० सेंमी लांब आणि १० सेंमी जाड असावा. ती झाडाच्या सावलीबाहेर आणि गाड्या उभ्या राहत नाहीत अशा जागी मारावी, आणि उड्डाण व गाडीची फेरी दोन्ही रंग झिजण्याआधी, शक्यतो एकाच आठवड्यात उरकावीत.